कॅम्पसचं नेटवर्क उभारताना कोटेशन पाचव्या पायरीवर येतं

सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांत नेटवर्कचं काम बहुधा फेब्रुवारीत सुरू होतं. अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं, नाहीतर नॅकचं (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन तोंडावर असतं. मग कुणीतरी ओळखीच्या पुरवठादाराला फोन लावतं. तो दोन दिवसांत तीन कोटेशनं आणून देतो (तिन्ही त्यानेच जमवलेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं). पंधरा स्विच (केबल एकत्र जोडायच्या पेट्या), चाळीस ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे), एक फायरवॉल (इंटरनेटच्या दारावरची राखणदार पेटी). खोकी येतात, आणि ती लावायची कुठे हा प्रश्न त्यानंतर पडतो.

हा क्रम उलटा आहे. खाली सुलटा क्रम देतोय. उदाहरणासाठी असा कॅम्पस धरा: तीन हजार विद्यार्थी, सात इमारती, त्यांतली एक जुनी दगडी, एक वसतिगृह, तीनेकशे संगणक. विद्यापीठाचा विभाग असो वा संलग्न कॉलेज, आकडे बदलतील; क्रम बदलणार नाही.

## १. आधी पायी फिरा

दोन दिवस काढा. सोबत मोजपट्टी, इमारतींचे नकाशे, जाड पेन आणि एक जुना शिपाई. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. गटार कुठून जातं, पावसात कोणत्या खोलीत पाणी शिरतं, मागच्या वेळी केबल कुठे पुरली आणि कुठे तुटली, हे मामांना माहीत असतं. नकाशात ते सापडत नाही.

प्रत्येक इमारतीसाठी एक पान करा आणि त्यावर एवढं लिहा:

- प्रत्येक खोलीत सगळ्यात गर्दीच्या वेळी किती माणसं असतात. संगणक किती, ते वेगळं लिहा. साठ मुलांच्या वर्गात एकही संगणक नसला तरी साठ मोबाइल असतात.
- प्रत्येक मजल्यावर रॅक (स्विच बसवायचं कपाट) ठेवायला कुलूपबंद, कोरडी जागा कोणती. जिन्याखालची जागा सगळ्यांना सुचते. तिथे झाडू आणि पाण्याची बादली आधीपासून असते.
- त्या जागेपासून सगळ्यात लांबच्या खोलीपर्यंत केबलच्या वाटेने अंतर किती.
- भिंती कशाच्या आहेत: वीट, काँक्रीट की काळा दगड.

केबलच्या वाटेने म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. तांब्याच्या कॅट-६ केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या पक्क्या केबलचे आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे (जोडणीच्या छोट्या तारांचे). केबल रॅकमधून वर छताला जाते, तुळईला वळसा घालते, पुन्हा खाली टेबलापर्यंत उतरते. नकाशावर ७० मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात ९५ भरतं. मग तो पोर्ट (केबल खोचायचं भोक) कधी चालतो, कधी नाही, आणि दोष संगणकावर जातो.

तपासणी: कोणत्याही खोलीचं अंतर ८० मीटरच्या वर गेलं, तर त्या मजल्यावर दुसरा रॅक धरा. आत्ता धरलात तर तो फक्त कागदावरचा एक चौकोन आहे.

## २. मुख्य खोली, वीज आणि अर्थिंग

सांगलीत मुख्य खोली तळमजल्यावर ठेवू नका, एवढं वाचून बाकीचा लेख सोडून दिलात तरी चालेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्याआधी २००५ ला पूर आला होता, नंतर २०२१ लाही आला. ज्या भागात पाणी येतं तिथल्या लोकांनी भिंतीवर खुणा करून ठेवल्यात. तुमच्या कॅम्पसजवळची खूण शोधा आणि रॅकचा सगळ्यात खालचा स्विच तिच्या वर येईल असं बघा. जनरेटरचं जोतंही तेवढंच उंच हवं. स्विच पहिल्या मजल्यावर कोरडे राहिले आणि जनरेटर अंगणात बुडाला, असं झालं तर उपयोग काय?

पण वरच्या मजल्यावर जाताना बॅटऱ्यांचं वजन विसरू नका. १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी साधारण ३० किलोची असते. यूपीएसला वीस लागल्या तर सहाशे किलो एका कोपऱ्यात बसतात. स्लॅब जुना असेल तर आधी स्थापत्य विभागाच्या सरांना विचारा, आणि बॅटऱ्या भिंतीलगत, तुळईवर येतील अशा ठेवा.

साताऱ्याचं दुखणं वेगळं. तिथे पुराची भीती कमी, पण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला किंवा उतारावरच्या कॅम्पसला फूट-दोन फुटांवर मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. अशा जमिनीत अर्थिंगचा खड्डा नावापुरता होतो. सांगलीच्या ओलसर काळ्या मातीत एका खड्ड्यात जे साधतं, त्याला कातळावर तीन-चार खड्डे एकमेकांना जोडून घ्यावे लागतात, आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी घालावं लागतं. खड्डा खणला म्हणून बिल देऊ नका. मीटर लावून रोध मोजायला लावा. ५ ओहमच्या आत हवा. हे माप एप्रिल-मेमध्ये घ्यायचं. जुलैमध्ये माती चिंब असताना कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं.

दुसरं माप न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातल्या व्होल्टेजचं. ते २-३ व्होल्टच्या आत नसेल तर यूपीएसवाला यंत्र बसवून देईल, पण पुढे काही जळलं की पहिलं बोट तिकडेच दाखवेल.

सावध: एसीचं आतलं युनिट रॅकच्या बरोबर वर लावू नका. एसी गळतो. उद्या नाहीतर दोन वर्षांनी, पण गळतोच.

## ३. चर, पाइप आणि फायबर

इमारतीपासून इमारतीपर्यंत फक्त फायबर (काचेच्या तंतूंची केबल). अंतर वीस मीटर असलं तरी फायबरच. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडे विजा पडतात. अशा वेळी दोन इमारतींच्या अर्थमध्ये मोठा फरक पडतो आणि तांब्याची केबल तो फरक थेट दोन्हीकडच्या स्विचमध्ये ओतते. जवळ वीज पडली, एका ओळीतले सगळे पोर्ट गेले, अशा बहुतेक गोष्टींच्या मुळाशी दोन इमारतींमध्ये टाकलेली एखादी निळी केबल सापडते. काचेतून वीज जात नाही.

फायबर दोन प्रकारचं मिळतं, सिंगल-मोड आणि मल्टिमोड. सिंगल-मोड घ्या. मल्टिमोडच्या ओएम-३ प्रकारावर १० गिगाबिटचा वेग ३०० मीटरपर्यंत चालतो. सिंगल-मोडवर साध्या मोड्यूलने (फायबर जोडायला स्विचमध्ये बसवतात त्या तुकड्याने) १० किलोमीटर. कॅम्पसमध्ये एवढं अंतर नसतं हे खरं, पण पुढच्या पंधरा वर्षांत वेग वाढेल तेव्हा मोड्यूल बदलून भागेल, पुन्हा चर खणावा लागणार नाही. चार कोअर (काचेचे तंतू) लागत असतील तर बारा किंवा चोवीस कोअरची केबल टाका. खर्च खणण्याचा असतो, काचेचा नाही.

चराचा क्रम असा:

1. रस्ता ठरवा. सातही इमारती एका रांगेत ओवू नका, वर्तुळ पूर्ण करा. एका बाजूला जेसीबीने केबल तोडली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते.
2. एक मीटर खोल खणा. साताऱ्यात कातळ लागला आणि तेवढं जमलं नाही, तर पाइपवर काँक्रीटचा थर द्या.
3. एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप टाका. शक्य असेल तर दोन: एक वापरायला, एक रिकामा.
4. दोन्ही पाइपांत ओढदोरी घाला. रिकाम्यातही.
5. प्रत्येक वळणावर चेंबर बांधा आणि तिथे केबलचं दहा-पंधरा मीटरचं वेटोळं राखून ठेवा.
6. निम्मी माती भरल्यावर इशाऱ्याची रंगीत पट्टी अंथरा, मग उरलेली माती.
7. वर दगडी खुणा रोवा आणि त्यांचे फोटो इमारतीच्या कोपऱ्यासकट काढा.

काळ्या मातीबद्दल थोडं. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइप घट्ट ताणून टाकलात तर दोन-तीन उन्हाळ्यांत सांधे उघडतात आणि घुशी आत शिरतात. म्हणून पाइप जरा सैल, नागमोडी टाका, आणि केबल पोलादी कवचाची घ्या. तोंडं फोमने बंद करा. साताऱ्यात काही ठिकाणी खणणं टाळायला झाडावरून किंवा गच्चीवरून केबल नेतात. तिथे वानरं झोका घेतात. ही थट्टा नाही. झोका घेतलेली केबल बाहेरून धडधाकट दिसते, आतली काच तुटलेली असते.

टोकं जोडताना रंगांकडे लक्ष द्या. सिंगल-मोडच्या पॅच कॉर्ड पिवळ्या, ओएम-३ च्या फिक्या निळसर. कनेक्टर निळा असेल तर त्याचं तोंड सरळ घासलेलं, हिरवा असेल तर तिरकं. निळ्यात हिरवा बसतो, पण दोन काचा एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि सिग्नल अर्ध्यावर येतो. इंटरनेटवाल्याने आणलेली कॉर्ड हिरवी आणि आपल्या पॅनेलचं भोक निळं, ही चूक दर दुसऱ्या कॅम्पसमध्ये भेटते.

तपासणी: प्रत्येक कोअरचा ओटीडीआर (तंतूत कुठे दोष आहे ते मोजणारं यंत्र) अहवाल घ्या, वापरात नसलेल्या कोअरचाही. कंत्राटदार म्हणेल, "सर, लाइट दिसतोय की." लाल टॉर्चचा उजेड दुसऱ्या टोकाला दिसणं म्हणजे चाचणी नव्हे.

## ४. पत्ते आणि व्हीलॅन कागदावर

पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा आकडा, आणि व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर यंत्रांचे पाडलेले वेगळे गट. ते ठरवण्याचं काम एका टेबलावर, एका दुपारी होतं, आणि तरी सगळ्यात जास्त टाळलं जातं. परिणाम असा की सगळा कॅम्पस १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या एकाच गटात भरला जातो. त्यात २५४ पत्ते. ते संपले की नवा संगणक लावणारा कुठला तरी "मोकळा" आकडा हाताने टाकतो, आणि दुपारी तो आकडा परीक्षा विभागाच्या प्रिंटरचा निघतो.

१० ने सुरू होणारा खासगी पत्ता घ्या आणि त्याला अर्थ द्या: दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा गटाचा. विज्ञान इमारत ३ आणि लॅबचा गट २० असेल, तर १०.३.२०.०/२४ (/२४ म्हणजे २५४ पत्त्यांचा गट). व्हीलॅनचा क्रमांकही त्यावरूनच, ३२०. रात्री अकराला फोनवर कुणी "१०.३.२०.४७" म्हटलं की नकाशा न उघडता कळलं पाहिजे की विज्ञान इमारतीच्या लॅबमधलं यंत्र आहे. व्हीलॅनचे क्रमांक १ ते ४०९४ इतके मिळतात, तेव्हा कंजुषी नको. मात्र १ क्रमांक वापरू नका. सगळे स्विच कारखान्यातून त्याच क्रमांकावर येतात, त्यामुळे कुठलाही न सजवलेला पोर्ट आपोआप तिथे जाऊन बसतो.

किमान एवढे गट वेगळे हवेत: कार्यालय आणि लेखा, परीक्षा विभाग, लॅब, प्राध्यापकांचं वायफाय, विद्यार्थ्यांचं वायफाय, पाहुणे, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक आणि प्रिंटर, आणि स्विचेस सांभाळण्याचा स्वतंत्र गट. कॅमेरे वेगळे काढा म्हणतो त्याचं कारण साधं आहे. ते स्वस्तात येतात, त्यांचा पासवर्ड कुणी बदलत नाही, सॉफ्टवेअर कुणी अद्ययावत करत नाही. त्यांना फक्त रेकॉर्डरपर्यंत जाऊ द्या, इंटरनेटकडे नको.

वायफायच्या गटाला मोठी जागा द्या: १०.३.६४.०/२२ म्हणजे १०२२ पत्ते. आणि पत्ता किती काळासाठी द्यायचा ते बघा. विंडोज सर्व्हरवर डीएचसीपीचा (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेचा) ठरलेला काळ आठ दिवसांचा असतो. सोमवारी आलेल्या मुलाच्या मोबाइलला दिलेला पत्ता पुढच्या मंगळवारपर्यंत अडकून राहतो, मूल गावी गेलं तरी. वायफायसाठी दोन ते चार तास पुरे. लॅबच्या संगणकांना आठ दिवस चालतील.

सावध: मोबाइलचे मॅक पत्ते (कारखान्यातून येणारे यंत्राचे ओळखक्रमांक) वहीत लिहून त्यांनाच प्रवेश द्यायचा, ही जुनी पद्धत आता मोडली आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक पत्ता दाखवत नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा बनवून देतात. वही भरत राहील, दार उघडणार नाही.

## ५. आता कोटेशन

आता हातात सात पानं, एक चराचा नकाशा आणि एक पत्त्यांचा तक्ता आहे. पुरवठादाराला हेच द्या. तो जे सांगेल त्यातल्या दोन आकड्यांवर अडून बसा.

पहिला, पीओईची एकूण वॉट. ॲक्सेस पॉइंट आणि कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज जाते. चोवीस पोर्टच्या स्विचवर ३७० वॉट लिहिलेलं असतं, कारण जुन्या प्रमाणाप्रमाणे एका पोर्टला १५.४ वॉट आणि २४ गुणिले १५.४ म्हणजे सुमारे ३७०. पण आजचे चांगले ॲक्सेस पॉइंट २५ वॉटच्या आसपास मागतात. मग ३७० वॉटमध्ये चौदाच चालतील. पंधरावा लावला की कुठला तरी एक विझतो, आणि तो कुठला हे स्विच ठरवतो.

दुसरा, फायरवॉलचा वेग. माहितीपत्रकात पहिल्या ओळीत जो मोठा आकडा असतो तो काहीच न तपासता पुढे ढकलण्याचा वेग आहे. व्हायरस, वेबसाइटची गाळणी, घुसखोरीची तपासणी हे सगळं चालू केल्यावरचा आकडा खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो. तो तुमच्या इंटरनेट जोडणीपेक्षा किमान दीडपट हवा.

करारात एक अट नक्की घाला: शेवटचं वीस टक्के बिल हे प्रत्यक्ष जसं काम झालं तसा नकाशा, सगळे चाचणी अहवाल, सगळे पासवर्ड आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना छापील लेबल मिळाल्यावरच. बिल दिल्यानंतर नकाशा मागितलेल्यांना तो मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

## ६. स्विच लावायचा क्रम

सगळे स्विच आधी एका टेबलावर मांडा. इमारतीत नेऊन, स्टुलावर उभं राहून, मांडीवर लॅपटॉप घेऊन सेटिंग केलं की चुका होतात. टेबलावर प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ, पासवर्ड आणि व्हीलॅन घाला, सॉफ्टवेअर अद्ययावत करा, सेटिंगची प्रत संगणकावर उतरवा. मग मुख्य स्विच जागेवर लावा. मग एकाच इमारतीचा फायबर जोडा. ती इमारत पूर्ण तपासा, एक दिवस चालू द्या, मग दुसरी. सातही इमारती रविवारी एकदम जोडल्या तर सोमवारी बिघाड नेमका कुठला ते शोधायला आठवडा जातो.

आता गोष्ट सांगतो, कारण ही चूक वाचून पटत नाही. एका कॉलेजात सकाळी अकराला सगळं नेट गेलं. कार्यालय, लॅब, वसतिगृह, सगळं. आम्ही इंटरनेटवाल्याला फोन करून करून बेजार केलं. त्याचा माणूस आला, त्याने आपली तार थेट लॅपटॉपला लावून नेट चालत असल्याचं दाखवलं आणि चहा पिऊन गेला. दुपारी तीनला एका लॅबमध्ये सापडलं. फरशी पुसताना मामांना एक केबल खाली लोंबताना दिसली. त्यांनी ती उचलून स्विचच्या मोकळ्या भोकात नीट खोचून ठेवली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. एक संदेश त्या वर्तुळात शिरला, त्याचे हजार झाले, हजारांचे लाख झाले, आणि एकाच गटात भरलेला सगळा कॅम्पस गुदमरला.

मामांची चूक काहीच नव्हती. आमच्या तीन होत्या, आणि त्या प्रत्येक स्विचवर अशा टाळता येतात:

- स्पॅनिंग ट्री (वर्तुळ ओळखून तोडणारी स्विचमधली सोय) चालू ठेवा, आणि मुळाचा स्विच (ज्याला धरून बाकीचे वाटा ठरवतात) कोणता ते स्वतः ठरवून द्या. नाही दिलंत तर प्राधान्य सगळ्यांचं सारखं असतं आणि सगळ्यात लहान मॅक पत्त्याचा स्विच मूळ होतो. बहुधा तो कपाटातला सगळ्यात जुना स्विच निघतो.
- संगणक लागणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा. तिथे दुसरा स्विच किंवा वर्तुळ दिसलं की तो एक पोर्ट बंद पडतो, बाकी कॅम्पस चालू राहतो.
- ब्रॉडकास्टच्या (सगळ्यांना एकदम जाणाऱ्या संदेशांच्या) लोंढ्याला मर्यादा घाला.

चौथी गोष्ट डीएचसीपी स्नूपिंग. एखादे प्राध्यापक घरचा वायफाय राउटर आणून केबिनमध्ये लावतात आणि तो त्या गटातल्या सगळ्यांना स्वतःचे पत्ते वाटायला लागतो. स्नूपिंग चालू असेल तर पत्ते वाटण्याचा हक्क फक्त ठरलेल्या पोर्टलाच राहतो. सरांनाही मग गोडीने समजावता येतं.

तपासणी: टेबलावरच मुद्दाम एका केबलची दोन्ही टोकं एका स्विचमध्ये लावा. फक्त तेवढाच पोर्ट बंद पडला, तर स्विच इमारतीत न्यायला तयार.

## ७. वायफाय

व्हरांड्यात ॲक्सेस पॉइंट लावणं ही सगळ्यात लाडकी चूक. दिसायला छान, केबल ओढायला सोपं. पण व्हरांड्यात कुणी बसत नाही, आणि लांबच लांब मोकळ्या जागेत सगळे ॲक्सेस पॉइंट एकमेकांना ऐकत बसतात. ते वर्गात लावा. जुन्या दगडी इमारतीत तर दुसरा पर्यायच नाही. दीड-दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ पोचतच नाही.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या खोल्यांना हे आलटून-पालटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि शक्ती कमी करा. शक्ती वाढवली की वायफाय सुधारतं, असं सगळ्यांना वाटतं. ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोठा झाला तरी खिशातल्या मोबाइलचा तेवढाच राहतो; मुलाला चार दांड्या दिसतात आणि पान उघडत नाही. गर्दीच्या सभागृहात निम्म्या ॲक्सेस पॉइंटांचं २.४ सरळ बंद करा.

नावं तीनच ठेवा: कर्मचारी, विद्यार्थी, पाहुणे. प्रत्येक विभागाला आपल्या नावाचं वायफाय हवं असतं, आणि प्रत्येक नाव दर सेकंदाला सुमारे दहा वेळा हवेत पुकारलं जातं. आठ नावं झाली की पुकारण्यातच हवेतला वेळ जातो.

एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ नका. तो दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या भिंतीवर असतो. ८०२.१एक्स (नाव विचारून मगच आत सोडण्याची पद्धत) आणि रेडियस सर्व्हर (ते नाव-पासवर्ड तपासणारा) लावून प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्या. मोफत मिळणारं फ्रीरेडियस या कामाला पुरतं. हे बसलं की अर्नेटमार्फत (शिक्षण संस्थांचं सरकारी नेटवर्क) एज्युरोममध्ये जाता येतं, म्हणजे तुमचा प्राध्यापक दुसऱ्या सहभागी विद्यापीठात गेला तरी त्याच नावाने वायफाय मिळतं.

तपासणी: रिकाम्या वर्गात एका फोनवर वेग मोजून सही करू नका. साठ मुलांना बसवा, सगळ्यांना एकदम एकच व्हिडिओ लावायला सांगा. आणि वसतिगृह रात्री दहानंतर तपासा. तिथला खरा भार तेव्हा असतो.

## ८. बाहेरची जोडणी आणि नोंदी

दोन जोडण्या घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन वेगळ्या वाटांनी. तिसरी अट विसरली जाते. दोन्ही कंपन्यांच्या तारा फाटकाबाहेर महावितरणच्या एकाच खांबावरून येत असतील, तर ऊस भरलेल्या ट्रॉलीने ओढलेली तार दोन्ही नेईल. प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन तार कुठून येते ते बघा.

करारात ९९.५ टक्के चालू राहण्याची हमी असेल, तर त्याचा हिशेब करा: वर्षाचे ८७६० तास, त्यातले सुमारे ४४ तास बंद राहिलं तरी कंपनी वचनात बसते. विद्यापीठाकडून प्रश्नपत्रिका ऑनलाइन उतरवण्याच्या वेळेत ते तास आले तर? म्हणून परीक्षा विभागाला दोन्ही जोडण्यांवर राखीव वेग द्या, आणि दर परीक्षेच्या आदल्या दिवशी पहिली जोडणी हाताने काढून दुसरी आपोआप चालू होते का ते बघा.

सार्वजनिक पत्ते पुरेसे मागा. एका पत्त्यामागे ढोबळमानाने ६५ हजार पोर्ट असतात. दोन हजार फोन, प्रत्येकाचे शंभर संपर्क, म्हणजे दोन लाख. शिवाय एकाच पत्त्यावरून एवढी रहदारी दिसली की गुगल तुम्हाला यंत्रमानव समजून चित्रातले ट्रॅफिक सिग्नल निवडायला लावतं. महाडीबीटीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे नको.

नोंदींचं सांगतो, हे ऐच्छिक नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपणं, सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं सांगितलंय. आपण शिक्षण संस्था, आपल्याला काय, असं धरू नका. पोलीस विचारायला येतात तेव्हा त्यांच्याकडे एक सार्वजनिक पत्ता आणि एक वेळ असते. त्या वेळी त्या पत्त्यामागे कोणता विद्यार्थी होता हे सांगायला फायरवॉलची नोंद, डीएचसीपीची नोंद आणि रेडियसची नोंद अशा तिन्ही लागतात. आणि तिघांची घड्याळं सात मिनिटांनी वेगळी असतील, तर भलत्याच पोराचं नाव पुढे येतं.

## ९. रोज चालवताना

झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर), दोन्ही मोफत आहेत; एका जुन्या संगणकावर एक लावा आणि प्रत्येक स्विच त्यात घाला. "सर, नेट गेलं" हा फोन येण्याआधी तुम्हाला कळलं पाहिजे.

तो फोन आला की क्रम मोडू नका:

1. एकाचं गेलं, खोलीचं, इमारतीचं की सगळ्यांचं? आधी हे विचारा.
2. यंत्राला पत्ता मिळालाय का? १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर डीएचसीपीपर्यंत पोचलेलंच नाही. केबल, पोर्ट, व्हीलॅन बघा.
3. गेटवेला (गटातून बाहेर पडायच्या दाराला) पिंग (उत्तर येतं का बघायचा छोटा संदेश) जातं का?
4. बाहेरच्या एखाद्या पत्त्याला आकड्याने पिंग जातं का? जात असेल आणि नावाने जात नसेल, तर दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा).
5. गेटवेपर्यंत सगळं ठीक असेल आणि बाहेर आकड्यानेही पिंग जात नसेल, तेव्हाच इंटरनेटवाल्याला फोन.

वर्षाचं वेळापत्रक पावसाप्रमाणे लावा. एप्रिलात अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर, वळवाआधी. मे अखेर चेंबर उघडून गाळ काढणं आणि घुशींची भोकं बुजवणं. जूनमध्ये यूपीएस मुख्य लाइनवरून काढून बॅटरी खरंच किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून बघणं. सांगलीत जुलैपासून कोयना धरणाच्या विसर्गाच्या बातम्या रोज वाचणं, आणि खालच्या मजल्यावर काही राहिलंच असेल तर ते कोणत्या क्रमाने बंद करून वर न्यायचं, कुणी न्यायचं, याची यादी दारावर चिकटवणं. आधी संगणकाची मुख्य वीज, मग यूपीएस, मग केबल. घाईत उलटं होतं.

कपाटात एक सेटिंग घातलेला राखीव स्विच, चार फायबर मोड्यूल, पिवळ्या कॉर्ड निळ्या आणि हिरव्या दोन्ही टोकांच्या, आणि शंभर लेबलं ठेवा.

राहता राहिले पासवर्ड. ते एकाच माणसाच्या डोक्यात असतात, आणि तो माणूस कंत्राटी असतो. सगळे पासवर्ड आणि सेटिंगच्या प्रती असलेला पेन ड्राइव्ह सीलबंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवा. लिफाफ्यावर तारीख घाला, दोन सह्या घ्या. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी जुना लिफाफा फाडून नवा ठेवायचा.